कोंड्यावर विकलेल्या लेकराचा लळा

ही हकीकत सांगायचं मी फार वर्षं टाळत आलो. विषय तिकडे वळतोय असं दिसलं की मी बैलांचं, पावसापाण्याचं, नाहीतर माझ्या गुडघ्यांचं काहीतरी काढायचो. गुडघ्यांचं काढलं की समोरचा माणूस आपण होऊन उठतो, हा माझा अनुभव आहे. टाळण्याचं कारण साधं होतं. या हकीकतीत मी बरा दिसत नाही. आणि आमच्या घरात तर मी फार मायाळू बाप होतो, अशी गोष्ट इतकी वर्षं चाललेली आहे.

गेल्या महिन्यात मात्र पळायला जागा राहिली नाही. माझी नात बीडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. सुट्टीत आली होती. ओसरीवर पुस्तक घेऊन बसली आणि मला धडा समजावून सांगू लागली. पुस्तकात लेकरांच्या लळ्याबद्दल दोन मतं दिलेली होती. एक जुनं मत असं, की जो पोट भरतो त्याचा लेकराला लळा लागतो. दुसरं मत असं, की पोटाचा तेवढा संबंध नाही. कुणीतरी आपलं जवळ असावं ही ओढ लेकरू जन्मतःच घेऊन येतं, आणि जे माणूस त्याच्या रडण्याहसण्याला वेळच्या वेळी उत्तर देतं त्याला ते चिकटतं. मग ते माणूस दिसेनासं झालं की रडतं, दिसलं की गप होतं, आणि ते जवळच आहे अशी खात्री असली की खुशाल लांब रांगत जातं.

"हे कळायला त्यांना किती वर्षं लागली?" मी विचारलं.

"बरीच लागली असतील. का हो आजोबा?"

"आमच्या आळीत येऊन बसले असते तर एका सुगीत काम झालं असतं."

ती हसली. मग पुस्तक मिटून तिनं विचारलं, "आमच्या बाबांना लहानपणी कुणाचा लळा होता?"

"माझा," मी म्हणालो.

जिभेला जरासुद्धा अडखळायला झालं नाही. तोंडात दात नाहीत, पण खोटं अजून नीट बोलता येतं. ती खूश होऊन म्हणाली, "मग मी वर्गात हेच उदाहरण देते. बापाचा लळा म्हणजे वेगळं वाटेल सगळ्यांना." म्हणजे आता माझं खोटं कॉलेजात शिकवलं जाणार! तेव्हापासून मला नीट जेवण जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

तर आमचं गाव चकलांबा. राज्य निजामाचं. कचेरीतला कागद उर्दूत असायचा, आम्ही भांडायचो मराठीत, आणि तडजोड दोन्ही भाषांत अर्धी अर्धी व्हायची. घरी शेती होती, वडील होते, आई होती, आणि माझं लग्न होऊन काही वर्षं झाली होती. आमची पहिली दोन लेकरं जन्मली आणि गेली. एक बारशाच्या आत, एक दात यायच्या सुमारास. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. बायको दळताना ओव्या म्हणायची ते तिनं बंद केलं, इतकंच.

तिसरा मुलगा झाला तेव्हा आईनं ठरवलं, की हे लेकरू विकायचं.

नव्या वाचकांनी घाबरू नये. आमच्याकडे तो रिवाजच होता. ज्या घरी लेकरं टिकत नाहीत त्या घरी नवं लेकरू सुपात घालून दुसऱ्या घरच्या बाईला पसाभर कोंड्यावर विकायचं. मग सटवाईनं येऊन पाहिलं तर लेकरू या घरचं नाहीच. ती गोंधळून परत जाते. जावळ काढण्याच्या दिवशी थोडा गूळ देऊन लेकरू परत घ्यायचं. तोवर कुणी विचारलं, "लेकरू कुणाचं?" तर ज्यांनी विकत घेतलं त्यांचं नाव सांगायचं. आणि घेणारीनं रोज निदान एकदा येऊन लेकराला हात लावायचा, म्हणजे मालक कोण हे सटवाईच्या ध्यानात राहतं.

आमच्या आळीत समोरच एक पिंजाऱ्याचं घर होतं. नवरा कापूस पिंजायचा, बायको गाद्या-दुपटी भरायची. वयानं माझ्या आईएवढी. तिच्या चारी मुली लग्न होऊन गेलेल्या. सगळा गाव तिला चाची म्हणायचा. गावात कोंड्यावर विकलेली जी पोरं जगली त्यातली निम्मी तिनं घेतलेली होती. तिच्या हाताला यश आहे असं बायका म्हणायच्या, आणि चाचीही ते नाकारायची नाही.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी व्यवहार झाला. चाचीनं ओंजळभर कोंडा आईच्या पदरात टाकला, सूप उचललं, आतलं तांबडंलाल तोंड बघितलं आणि म्हणाली, "इतना छोटा? कोंडा ज्यादा हो गया."

"घ्या की आता," आई म्हणाली. "माप सांडू नका."

"हौ, हौ. मेरा हुआ. तुम लोगां बस पालने वाले."

सगळे हसले. लेकराचं नाव कोंड्यावरून पडायचं ते पडलं. ते इथं लिहीत नाही, कारण तो आता आजोबा झालाय आणि त्याला ते नाव आवडत नाही.

सौदा खोटा आहे हे सटवाईला कळू नये म्हणून सगळ्यांनी जिवापाड जपलं. कुणी घरात चुकूनसुद्धा "आमचं लेकरू" म्हणायचं नाही. यात एक गफलत झाली. सौदा खोटा आहे हे लेकरालाही कुणी सांगितलं नाही.

चाची रोज सकाळी यायची, तेल लावायची, न्हाऊ घालायची. बायको रानात गेली, आई चुलीपुढं असली की त्याला उचलून आपल्याकडे न्यायची. तिच्या ओसरीवर पिंजलेल्या कापसाचा ढीग असायचा. त्याच्या कडेला हे बसायचं. पलीकडे चाचाच्या पिंजणीची तार 'टंय्य टंय्य' वाजायची. आम्हाला त्या आवाजानं कान किटायचे, पण पोरगं मान डोलवायचं. त्यानं "अं" केलं की चाची हातातलं काम न सोडता म्हणायची, "हां राजा, बोल." त्यानं "ऊं" केलं की ती म्हणायची, "अच्छा? फिर क्या हुआ?" दिवसभर त्यांचं हे चालायचं. काय बोलायचे कुणास ठाऊक. वडील एकदा म्हणाले, "एवढं बोलणं तर कचेरीतसुद्धा होत न्हाई."

आता माझं ऐका. आमच्या काळी वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःच्या लेकराला उचलायचं नसे. भावाचं पोर घ्या, शेजाऱ्याचं घ्या, कुत्र्याचं पिल्लू घ्या, कुणी काही म्हणणार नाही. स्वतःचं घेतलं की बेशरम. आणि मला तर ते लेकरू घ्यावं असं इतकं वाटायचं, की हात वळवळायचे. दोन गेलेली मी नीट पाहिलीसुद्धा नव्हती. म्हणून मी संधी साधून त्याला गुपचूप उचलायचो आणि कडब्याच्या गंजीमागे न्यायचो. तिथं उभा राहून त्याला घट्ट आवळायचो, दाढीचे खुंट त्याच्या गालाला घासायचो, आणि कान वडिलांच्या खोकल्याकडे. खोकला जवळ आला की पोराला आहे तसं बाजेवर टाकून मी विळा हातात घ्यायचो, जणू कडबाच कापायला आलो होतो.

आता त्या लेकराच्या बाजूनं विचार करा. एक मिशावाला माणूस येतो, पळवून नेतो, टोचतो, दचकतो आणि टाकून देतो. त्याला माझा लळा का म्हणून लागावा?

पहिले काही महिने तो कुणाकडेही जायचा, म्हणून मला अडचण कळली नाही. मग तो माणसं ओळखायला लागला, आणि मला अगदी नीट ओळखलं. मी दिसलो की ओठ काढायचा. मी हात पुढे केले की मान फिरवून चाचीच्या खांद्यात तोंड खुपसायचा. चाची जवळ असली की तिच्या शेळीपर्यंत रांगत जायचा, शेळीचं शेपूट धरायचा, मागे वळून चाची आहे ना ते बघायचा आणि मग शेळीचा कान धरायचा. तेच ती आत गेली की होता तिथं बसून भोकाड पसरायचा. मी शेळीपलीकडे उभा असायचो. शेळीची पत माझ्यापेक्षा जास्त होती.

यावर आळीत प्रत्येकाचं मत होतं. आई म्हणायची, "लेकरू दुधाला वळतं." पण दूध तर त्याची आईच पाजायची. चाचीकडे दूध होतं ते शेळीचं, आणि तेही ती चहात घालायची. ते मत तिथंच बसलं. न्हावी म्हणाला, "मागल्या जन्मीचं देणं हाय." चाचा म्हणायचा, "कपास की गर्मी है बेटा, दूसरा कुछ नै." हे मला पटलं. मऊ, उबदार, कापसाचा वास. हे तर मलाही करता येईल.

एका दुपारी चाची विहिरीवर गेलेली पाहून मी चाचाकडून तिची जुनी ओढणी मागून घेतली. डोक्यावरून घेतली, कापसाच्या ढिगात जाऊन बसलो, मांडीवर थोडा कापूस ओढला, आणि पोराला जवळ घेऊन बारीक आवाजात म्हणालो, "हां राजा, बोल."

पोरगं गप झालं. त्यानं ओढणी धरली. ओढणीचा वास घेतला. मला वाटलं, जमलं! मग त्याचं बोट हळूहळू वर आलं आणि माझ्या मिशीला लागलं. त्यानं मिशी ओढून पाहिली. खरी निघाली. त्यानंतर त्यानं जो टाहो फोडला तो अर्ध्या गावाला ऐकू गेला असेल. बायका धावत आल्या, न्हावी आला, माझे वडील आले. मी ओढणी डोक्यावर घेऊन कापसात बसलेला, केसांत कापूस, भुवयांत कापूस.

चाचानं पिंजण खाली ठेवली आणि म्हणाला, "बे, कमसे कम मूछ तो निकाल के आता!"

न्हावी म्हणाला, "या की दुकानात, आत्ताच काढतो. फुकट."

वडील एकदा खोकले आणि निघून गेले. पुढं कितीतरी दिवस आळीतली पोरं मला बघून बारीक आवाजात "हां राजा, बोल" म्हणायची.

त्या संध्याकाळी बायको भाकरी वाढताना म्हणाली, "एक इचारू का? रागवू नका."

"इचार."

"तुमी त्याला घेता तवा मामंजीकडं बघता. न्हाईतर दाराकडं बघता. त्याच्याकडं कवा बघता?"

मी म्हणालो, "मग चाची काय करती, निसतं बघत बसती?"

"ती त्याला जवाब देती," बायको म्हणाली. "त्यो काय बी करू, ती जवाब देती."

पुस्तकवाल्यांनी जे पुढं लिहिलं ते माझ्या बायकोनं एका भाकरीत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला वाटलं, हिला बायकी गोष्टी काय कळणार! म्हणजे बायकी गोष्ट बाईला कळणार नाही असं मला वाटलं. तेव्हा माझी अक्कल अशीच होती.

मला एका दिवसाचा भरवसा होता, जावळाच्या दिवसाचा. त्या दिवशी गूळ देऊन लेकरू परत घ्यायचं असतं आणि सुपातून ते बापानं उचलायचं असतं. चारचौघांत, वडिलांच्या देखत, राजरोस. अख्खं वर्ष मी त्या एका उचलण्याची वाट पाहत होतो. नवं धोतर नेसलो. दाढी गुळगुळीत करून घेतली. न्हाव्यानं विचारलंच, "मिशी?" मी म्हणालो, "गप रे."

मामाच्या मांडीवर जावळ निघालं. पोरगं रडून रडून लाल झालं होतं आणि टक्कल उन्हात चमकत होतं. आईनं चाचीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चाचीनं पोराला सुपात ठेवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लो, अपनी चीज संभालो." ती हसत होती, पण सूप लवकर सोडत नव्हती.

मी पुढं झालो आणि त्याला उचललं. त्यानं पाठीची कमान केली, माझ्या छातीवर दोन्ही पाय रोवले, मागे वाकला, आणि दोन्ही हात चाचीकडे करून ओरडला, "चा! चा! चा!"

तोवर त्याला एकही शब्द येत नव्हता. पहिला शब्द तो. आई नाही, बाबा नाही. 'चा'.

सगळा मांडव हसायला लागला. न्हावी म्हणाला, "सौदा मोडला गड्या! माल आपल्या पायानं परत चालला." माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, गूळ बी गेला आन् पोरगं बी." वडीलसुद्धा हसले. मी वडिलांना हसताना फार कमी वेळा पाहिलं. शेवटी चाचीनंच त्याला घेतलं. घेतल्याबरोबर तो गप झाला, एक हुंदका दिला आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे असा बघू लागला, जसा कुणी सुटलेला चोर शिपायाकडे बघतो.

मीही हसलो. हसावं लागतं. पण त्या क्षणी माझ्या मनात त्या बाईबद्दल जे आलं ते मी आजही लिहायला कचरतो. जिनं माझं तिसरं लेकरू जगवलं, तिच्याबद्दल.

पुढच्या बाजारी मी गेवराईला गेलो. घरी सांगून गेलो की तिथल्या जोशाला पोराचं बघायला विचारतो. जोशाकडे गेलोच नाही. बाजारात गरम भजी खाल्ली, एक कुस्ती पाहिली, आणि येताना वाटेत सगळं जुळवलं. घरी न जाता सरळ चाचीच्या दारात उभा राहिलो. ती दुपट्याला दोरा घालत होती.

"चाची," मी म्हणालो, "जोशानं सांगितलं, की सौदा परत झाल्यावर जुन्या मालकाचं तोंड लेकराला दिसता कामा नये. सावली पडली तरी जिवाला धोका हाय. पहिली दोन गेली तसं..." वाक्य मी पुरं केलं नाही. तेवढी हुशारी माझ्यात होती.

मला वाटलं होतं, ती वाद घालेल. रागावेल. म्हणेल, "तेरा जोशी झूठा है." मग मी थोडं नमतं घेईन, आठवड्यातून एकदा भेटा म्हणेन. तिनं वाद घातला नाही. सुई कापडात खोचून ठेवली आणि विचारलं, "कब तक?"

याचा मी विचारच केला नव्हता. "कायमचं," मी म्हणालो.

"हौ," ती म्हणाली. मग दुपट्याची घडी घालत म्हणाली, "पीठ पे थपकी मारते तो नै सोता वो. बाजू पे सुला के, कान के पीछे उंगली फिराना. बहू कू बोलना." आणि उठून आत गेली.

तिनं माझा शब्द माझ्यापेक्षा जास्त पाळला. आळीत आमचं कुणी पोराला घेऊन दिसलं की ती तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळायची. विहिरीची वेळ बदलली. शेळी मागच्या अंगाला बांधायला लागली.

पोरगं उंबऱ्यावर बसून समोरच्या दाराकडे बघायचं. पिंजणीची तार वाजली की ताठ व्हायचं. रडलं, खूप रडलं. मग रडायचं थांबलं. आई म्हणाली, "बघ, इसरलं." तो विसरला नव्हता. उचललं तर उचलू द्यायचा, ठेवलं तर राहायचा, आणि आमच्या कुणाच्या तोंडाकडे बघायचा नाही. शेळ्या दारावरून जायच्या, पण तो एकीच्याही मागे जायचा नाही. ते गप बसलेलं लेकरू बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, की आपण जे खोटं बोललो ते खरं होणार.

मग मी लाज सोडली. वडील खोकोत नाहीतर शिंकोत, मी त्याला दिवसभर काखेत घेऊन फिरायला लागलो. कानामागे बोट फिरवलं. त्यानं "अं" केलं की बैलांसमोर, गड्यांसमोर, कुणाहीसमोर "हां राजा, बोल" म्हणायला लागलो. आता कुणी हसलं नाही. हळूहळू तो माझ्याकडे बघायला लागला. सुगी संपेपर्यंत तो माझ्या धोतराचा सोगा धरून चालत होता, आणि मी नजरेआड झालो की रडत होता. घरात चालत आलेली गोष्ट इथूनच सुरू होते, आणि तेवढी ती खरी आहे.

नातीच्या त्याच धड्यात पुढं एक वाक्य होतं, की लेकरू एकाहून जास्त माणसांशी असं जोडलं जाऊ शकतं. ते वाक्य मी तिला दोनदा वाचायला लावलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. म्हणजे मी नुसता त्याच्याशी बोलायला लागलो असतो, तरी तो माझ्याकडे आला असता. चाचीला हलवायची काही गरज नव्हती.

आणि गोष्ट आमच्या दोन घरांत राहिली नाही. जोशानं काय सांगितलं ते माझ्या आईनं विहिरीवर सांगितलं, काळजीपोटीच. चार तोंडांतून जाता जाता चाचीची सावलीच वाईट ठरली. तान्ह्या लेकरांच्या आया ती दिसली की लेकराला पदराखाली झाकायला लागल्या. त्यानंतर तिला कुणी लेकरू विकलं नाही. बाळंतिणीसाठी गादी-दुपटं भरायला तिच्याकडे जाणारे लोक दुसऱ्या गावी जायला लागले. ज्या पोरांना तिनं कोंड्यावर जगवलं होतं, त्यांच्या आयासुद्धा.

एकदा वाढताना बायको म्हणाली, "गेवराईचा जोशी गेल्या पोळ्यालाच वारला म्हणत्यात. तुमी कुणाला इचारलं?"

मी भाकरी मोडत राहिलो.

"मी सांगितलं तर तुमची लाज जाईल," ती म्हणाली. "तुमीच सांगा." त्यानंतर मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही. तिनं माझ्यावर भरवसा ठेवला, ही तिची एकच चूक.

मी उद्या सांगू, परवा सांगू करत राहिलो. चाचा वारला आणि चाची बीडजवळ पालीला मुलीकडे राहायला गेली. जाताना आळीत सगळ्यांना भेटली. आमच्या दारात आली नाही. लांबूनच आईला म्हणाली, "बच्चा घर में हो तो मैं नै आती."

पुढं मुलगा चांगला उंच झाला. अजून निजामाचंच राज्य होतं. बीडच्या कचेरीत जमिनीचं काम निघालं आणि त्याला शहर बघायचं होतं, म्हणून बरोबर घेतला. काम झाल्यावर मी पालीला जायचं ठरवलं. वाटभर मनात वाक्य जुळवत होतो. गावाशी आल्यावर मुलाला नदीवर पोहायला सोडलं आणि पत्ता विचारत एकटाच तिच्या दारात गेलो.

चाची वाळली होती, पण तोंड तेच. मला पाहून एवढी खूश झाली, की बसायला टाकायचं पोतं दोनदा झटकलं. "मूछां सफेद हो गे रे तेरे!" म्हणाली. "अब कपास में बैठा तो किसी कू दिखते नै." आणि हसली. मीही हसलो. मग तिनं घाईनं विचारलं, "साथ नै लाया ना उसकू?"

"न्हाई," मी म्हणालो.

"अच्छा किया." मग एकेक विचारू लागली. खातो का नीट, ताप येतो का, झोपतो कसा. मी सांगत होतो आणि जुळवलेलं वाक्य पुढं ढकलत होतो. चहा झाल्यावर बोलू, असं ठरवलं. चहा झाला.

तेवढ्यात दारात ओल्या अंगानं मुलगा उभा राहिला. कुणीतरी घर दाखवलं असणार. "बाबा, तहान लागली," तो म्हणाला.

चाचीनं एका झटक्यात पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळली. म्हातारपणी एवढ्या चपळाईनं वळली, की हाताचा धक्का लागून कपबशी लवंडली. तशीच पाठमोरी, चाचपडत, तिनं रांजणातून तांब्या भरला आणि हात मागे करून धरला. मुलानं तांब्या घेतला, घटाघटा प्यायला, तांब्या खाली ठेवला. त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा?

"कितना ऊंचा हुआ?" भिंतीकडे तोंड करून चाचीनं मला विचारलं.

मी हातानं उंची दाखवली. मग ध्यानात आलं, तिला ती दिसत नाही.

"माझ्या खांद्याला लागतो," मी म्हणालो.

"मेरे वास्ते अब मत रुक," ती म्हणाली. "ले जा उसकू. छाया है इधर."

मी मुलाचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. पाली मागे पडली तरी मी त्याचा दंड सोडला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या जावयाकडून निरोप आला, की चाची गेली. वाक्य माझ्याजवळच राहिलं. ते असं होतं:

चाची, त्या दिवशी मी कुठल्याही जोशाकडे गेलो नव्हतो. ते सगळं मी रचलं. तुमच्या सावलीनं माझ्या लेकराचं कधी काही बिघडलं नाही. ते तुमच्याकडे धावायचं, ते मला बघवलं नाही. मला माफ करा, आणि एकदा वळून त्याला बघा.